संकासुराचा विनोद आणि नवी कला

मांडवीच्या उत्तर काठावर, डिचोली तालुक्यात, आमोणे नावाचे गाव आहे. येथील बेताळ गोमंतकात प्रसिद्ध आहे. बेताळ म्हणजे रात्री गावाची राखण करीत हिंडणारा देव, अशी लोकांची श्रद्धा. जो देव रोज पायी हिंडतो, त्याच्या वहाणा झिजणारच. म्हणून बेताळाला चामड्याच्या वहाणा अर्पण करण्याची चाल गोव्यात जुनी आहे. एरवी देवळात शिरताना भाविक आपल्या वहाणा बाहेर काढून ठेवतो. येथे त्याच वस्तूला देवापुढे मान मिळतो. दुकानात असेतोवर तिला केवळ किंमत होती. देवापुढे आल्यावर तिला अर्थ येतो. वहाण तीच असते, बदलते ती तिची जागा.

श्रद्धेच्या या गोष्टीत हसण्यासारखे काही नाही. परंतु जागा बदलली की वस्तूचा अर्थ बदलतो, हे जे साधे तत्त्व या चालीत दिसते, त्याच तत्त्वावर विसाव्या शतकातील नवकलेचा मोठा भाग उभा आहे. फरक एवढाच, की नवकलेने ही अदलाबदल पुष्कळदा हसविण्यासाठी केली. आणि ते हसे अनेकांना अपमानासारखे वाटले.

ही भावना समजण्याजोगी आहे. पणजीत २०१६ साली ‘सेरेंडिपिटी’ नावाचा कलामहोत्सव सुरू झाला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या भव्य इमारतीत त्याची मांडणशिल्पे लोकांनी पाहिली. पेडण्याहून किंवा डिचोलीहून आलेला एखादा गृहस्थ अशा मांडणशिल्पापुढे उभा राहतो. समोर दोऱ्या असतात, डबे असतात, कधी जुनी खुर्ची असते. तो भिंतीवरची चिठ्ठी वाचतो, आणि मग हळूच शेजारच्या माणसाकडे पाहतो. त्याच्या मनात दोन भये असतात. हसावे, तर लोक अडाणी म्हणतील. न हसावे, तर कलावंताने आपल्याला बनविले असे ठरेल. या दोन भयांच्या कात्रीत सापडलेला माणूस कलेपासून कायमचा दूर जातो. म्हणून नवकलेतील विनोद म्हणजे काय, तो कोठून येतो, आणि त्याला हसावे केव्हा, याचा उलगडा होणे अगत्याचे आहे.

प्रथम विनोदाचे मूळ पाहू जाता, ते फार जुन्या काळापर्यंत पोचते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे कारण विकृत वेष, विकृत अलंकार आणि विपरीत चेष्टा असे सांगितले आहे. अलंकार अस्थानी घातला तर तो शोभा देत नाही, आणि कमरेची मेखला छातीवर बांधली तर तिचे हसेच होते, असा दृष्टांतही तेथे आहे. म्हणजे मेखला वाईट नव्हे आणि छातीही वाईट नव्हे. त्या दोहोंची संगती बिघडली, म्हणून हसू आले. मराठीत ‘विसंगती’ हा शब्द याच अर्थी वापरतात. तेव्हा विसंगती ही पाश्चात्त्यांनी काढलेली नवी टूम नव्हे.

मग घोटाळा होतो कोठे? कलेला हसणे आणि कलेने हसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची मराठी वाचकाला चांगली सवय आहे. १९२५ साली आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह काढला आणि त्या काळच्या कवींच्या लकबींची यथेच्छ टर उडविली. महाराष्ट्र पोट धरून हसला. तेथे कोण हसतो आणि कोणाला हसतो, हे स्पष्ट होते. नवकलेत मात्र खुद्द चित्र किंवा शिल्पच थट्टा करू लागले. कलावंत स्वतः गंभीर चेहरा करून उभा, वस्तू हास्यास्पद, आणि सभागृह मात्र मोठ्या इतमामाचे. अशा वेळी थट्टा कोणाची चालली आहे, हे प्रेक्षकाला कळेनासे झाले.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९१७ साली तेथील स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेने प्रदर्शन भरविले. सहा डॉलर शुल्क भरील त्याची कृती मांडली जाईल, परीक्षक मंडळ नाही, पारितोषिके नाहीत, असा तिचा उदार नियम होता. मार्सेल द्युशाँ हा फ्रेंच कलावंत या संस्थेच्या संचालकांपैकी एक. त्याने मुतारीत बसवावयाचे चिनी मातीचे भांडे विकत घेतले, ते आडवे ठेवले, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही केली, त्याला ‘कारंजे’ असे नाव दिले आणि शुल्कासह पाठवून दिले. संस्थेचे धाबे दणाणले. भांडे प्रदर्शनात मांडले गेले नाही, आणि द्युशाँने राजीनामा दिला. मूळ भांडे पुढे हरवले. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराने घेतलेल्या छायाचित्रामुळेच त्याचे रूप जगाला ठाऊक आहे. आज संग्रहालयांत दिसतात त्या पुढे द्युशाँच्या संमतीने केलेल्या प्रतिकृती होत.

या गोष्टीचा विनोद भांड्यात शोधू गेल्यास सापडत नाही. तो आहे संस्थेच्या नियमात. ‘आमच्याकडे परीक्षक नाहीत’ असे म्हणणाऱ्यांच्या पोटात परीक्षक दडलेला होता. त्या भांड्याने तो बाहेर ओढून काढला. छातीवर बांधलेल्या मेखलेने मेखलेची खरी जागा लक्षात यावी, तसेच हे झाले. वस्तू अस्थानी ठेवली की त्या स्थानाचे अलिखित कायदे उघडे पडतात.

याच सुमारास युरोपात विसंगतीला अधिक दारुण कारण मिळाले होते. पहिले महायुद्ध चालू होते. १९१६ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये व्हर्दूनची लढाई सुरू झाली. तिच्यात लक्षावधी सैनिक बळी पडावयाचे होते. त्याच फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात, युद्धापासून दूर आलेल्या काही कवी-चित्रकारांनी ‘काबारे व्होल्तेर’ नावाची छोटी रंगशाळा उघडली. त्यांच्या चळवळीचे नाव ‘दादा’. मराठी कानाला हा शब्द वडील भावाचा वाटतो. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ मुलांचा खेळण्यातला घोडा. कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारी डिचोलीची घोडेमोडणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव परके वाटू नये.

त्या वर्षीच्या जूनमध्ये ह्यूगो बाल हा जर्मन कवी पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचा पोशाख चढवून, डोक्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी घालून रंगमंचावर आला. त्या पोशाखात त्याला चालता येईना, म्हणून अंधारात त्याला उचलून आणावे लागले. मग त्याने जी कविता म्हटली, तिच्यात एकही अर्थाचा शब्द नव्हता. होते ते केवळ ध्वनी. सुशिक्षित राष्ट्रांचे पुढारी अर्थपूर्ण, व्याकरणशुद्ध भाषेत तरुणांना मरणाच्या दारी धाडीत होते. त्या भाषेवरचा विश्वास उडालेला कवी भाषाच टाकून देतो, हे त्या विनोदाचे मर्म होय. बालने स्वतः नमूद करून ठेवले आहे, की म्हणता म्हणता त्याच्या आवाजाला चर्चमधील प्रार्थनागायनाचा पुरातन सूर लागला. पुढे १९२० साली तो कॅथलिक धर्माकडे परतला. थट्टेच्या तळाशी किती गंभीर वेदना असू शकते, याची ही साक्ष आहे.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर पेडण्याच्या जत्रेत जावे. पेडणे तालुक्यात आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मुलखात जत्रांच्या दिवसांत रात्रभर दशावतार चालतो. त्याला ‘काला’ असेही म्हणतात. मुख्य आख्यानापूर्वी जो पूर्वरंग होतो, त्यात गणपती येतो, सरस्वती येते, आणि मग येतो संकासुर. काळा पोशाख, तोंडावर काळे आवरण, त्यातून लोंबणारी लाल जीभ. पुराणातला हा वेद चोरणारा दैत्य. परंतु येथे तो येताच मुले भितात आणि लगेच हसूही लागतात. देव प्रौढ ग्रंथिक मराठी बोलतात. संकासुर मात्र गावच्या बोलीत बोलतो. नाईकाशी त्याचे जे सवालजवाब होतात, त्यांत गावातल्या ताज्या भानगडी निघतात, प्रतिष्ठितांना चिमटे बसतात, शास्त्राच्या शब्दांचे भलतेच अर्थ लावले जातात. शेवटी विष्णू त्याचा वध करतो, आणि आख्यानाला प्रारंभ होतो.

या रचनेत मोठे शहाणपण आहे. ज्याने पवित्र वाणी चोरली, त्याच्याच तोंडी लोकांची वाणी घातलेली आहे. पावित्र्याची स्थापना करण्यापूर्वी त्याची थट्टा करण्यास एक घटका मोकळीक दिलेली आहे. आणि त्या मोकळिकीने धर्म बुडाल्याचे कोणी ऐकलेले नाही. उलट, संकासुराविना दशावतार आळणी होईल.

याच रंगभूमीवर एक लाकडी बाकडे असते. तेच सिंहासन होते, तेच पर्वत होते, तेच रथ होते. संहिता लिहिलेली नसते. कथासूत्र ठरवून नट तेथल्या तेथे संवाद रचतात. मिशा काढलेला पुरुष राणी होऊन विलाप करतो आणि प्रेक्षकांतील म्हाताऱ्या पदराने डोळे टिपतात. ज्या प्रेक्षकाला बाकड्यात कैलास दिसतो, तो कलेच्या बाबतीत अडाणी आहे असे कोण म्हणेल? पणजीच्या प्रदर्शनात बिचकणारा गृहस्थ पुष्कळदा हाच असतो. त्याला दृष्टी नाही असे नव्हे. ती दृष्टी या ठिकाणीही वापरावयाची परवानगी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भांडणाचेही हसण्यात रूपांतर कसे होते, हे मांडवीच्याच दिवाडी बेटावर दिसते. तेथे ऑगस्ट महिन्यात बोंदेराचा उत्सव होतो. पूर्वी बेटावरील दोन वाड्यांत जमिनीच्या सीमेवरून तंटे होत. पोर्तुगीज अंमलदारांनी सीमा दाखविण्यासाठी निशाणे रोवली आणि लोकांनी ती दगड मारून पाडली, अशी या उत्सवाची कथा सांगतात. आज तीच निशाणे मिरवणुकीत नाचतात, आणि दगडांच्या जागी बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीतून रानफळांचा मारा होतो. सीमा, निशाण आणि युद्ध या तिन्ही गोष्टींचे गांभीर्य एका दुपारपुरते काढून घेतलेले असते. झुरिकच्या कवींनी अर्थहीन ध्वनींनी जे साधू पाहिले, त्याच जातीचे हे काम आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विसंगतीने नाटकात ठाण मांडले. युजीन इयोनेस्को हा रुमानियन-फ्रेंच लेखक स्वतःच इंग्रजी शिकण्यासाठी पाठ्यपुस्तक घेऊन बसला होता. त्यातील पात्रे एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टीच गंभीरपणे सांगत होती: आठवड्याचे दिवस सात, जमीन खाली, छत वर. या निर्विवाद सत्यांनी तो गोंधळून गेला, आणि त्यातून ‘टकली गायिका’ हे नाटक जन्मले. त्याचा प्रयोग १९५० साली पॅरिसला झाला. १९५३ च्या प्रारंभी तेथेच सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ रंगभूमीवर आले. त्यात दोघेजण ज्याची वाट पाहतात, तो शेवटपर्यंत येत नाही. मार्टिन एस्लिन या समीक्षकाने १९६१ च्या आपल्या ग्रंथात अशा नाटकांना ‘अ‍ॅब्सर्ड’ हे नाव दिले. जीवनाला अर्थ असावा अशी माणसाची भूक, आणि तो अर्थ हाती न लागणे, या दोहोंची जी विसंगती, तीच येथे हास्याचा आणि भयाचा विषय झाली.

मराठीत या प्रवृत्तीला स्वतःचे रूप मिळाले, ते परकीय नाटकाची नक्कल करून नव्हे. सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ हे नाटक १९७४ साली पुण्यात रंगभूमीवर आले. चाळीत राहणारा भाऊराव नाटकाच्या प्रारंभीच मरण पावतो, आणि आपल्या मरणावर स्वतःच कीर्तन करतो. त्याचा हट्ट एवढाच, की आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे. पण ते स्मशान बंद झालेले आहे. मुलगा नाना प्रेत सांभाळीत बसतो. कीर्तन हा तर मराठी माणसाच्या हाडीमासी खिळलेला प्रकार. आमोणे, माशेल, डिचोली या टापूत देवळांच्या सभामंडपांतून तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला. मरणाचे भय घालविण्यासाठी जे साधन संतांनी वापरले, ते आळेकरांनी प्रेताच्या हाती दिले. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता दचकतो. कारण आपल्या घरच्या मरणातही किती देखावा होता, हे त्याला आठवते. येथे कमरेची मेखला छातीवर आलीच आहे. परंतु त्यामुळे माणसाचे काळीज दिसू लागले.

चित्रकलेत असेच काम भूपेन खक्कर यांनी केले. त्यांचा जन्म १९३४ चा, मुंबईचा. शिक्षणाने ते हिशेबतपासनीस. बडोद्यास राहून ते नोकरी सांभाळीत चित्रे काढीत. नामवंत चित्रकार देवदेवता, खेडुत स्त्रिया किंवा अमूर्त आकार रंगवीत असता खक्करांनी १९७२ च्या सुमारास न्हाव्याचे दुकान, शिंप्याचे दुकान, घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर असे विषय घेतले, आणि ते कॅलेंडरच्या चित्रांसारख्या भडक रंगांत व बाळबोध रेषेत रंगविले. त्याच वर्षीच्या आपल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांनी जेम्स बाँडच्या थाटात स्वतःचे छायाचित्र छापले. कलावंत म्हणजे कोणी दिव्य पुरुष, या समजुतीची ती थट्टा होती. आणि थट्टेचा पहिला बळी ते स्वतःच होते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला मात्र त्यांनी कोठेही हिणविले नाही. २००३ साली खक्कर वारले. त्यांची चित्रे आज मोठ्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांच्यासोबत तो कारागीरही तेथे पोचला आहे.

गोव्यात हे नाते मारियो मिरांडा यांनी सर्वांत मोकळेपणाने जपले. १९२६ साली दमणला जन्मलेले आणि लोटलीच्या वडिलोपार्जित घरात २०११ साली निवर्तलेले मारियो हे व्यंगचित्रकार होत; त्यांना नवकलेच्या दालनात बसविणे काहींना पटणार नाही. परंतु हसण्याच्या दिशेचा विचार करावयाचा, तर त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. त्यांच्या चित्रात पाद्री, भाटकार, पदेर, तावेर्नातले मद्यपी, नटूनथटून फेस्ताला निघालेल्या बाया, कुत्री आणि कोंबड्या अशी दाटी असते. प्रत्येकाचे नाक, पोट, ऐट यांची गंमत केलेली असते. तरीही ज्यांची गंमत केली, त्याच लोकांनी ही चित्रे आपल्या घरात आणि दुकानात भिंतीवर लावली. ज्याची थट्टा झाली त्यानेच ती चौकटीत बसवून जपावी, याहून विनोदाला चांगले प्रमाणपत्र कोणते?

आजच्या गोमंतकीय कलेतही हा धागा तुटलेला नाही. पेशाने डॉक्टर असलेले सुबोध केरकर वैद्यकी सोडून कलेकडे वळले आणि २०१५ साली त्यांनी पिळर्ण येथे ‘म्युझियम ऑफ गोवा’ हे कलासंग्रहालय उघडले. या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ‘मोग’ होतो, आणि कोकणीत मोग म्हणजे प्रेम. केरकरांनी माणसाहून मोठ्या मिरच्यांची शिल्पे केली. प्रथमदर्शनी हसू येते. मग ध्यानात येते, की १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले त्यापूर्वी येथील स्वयंपाकघरात मिरची नव्हतीच. ती अमेरिका खंडातून त्यांच्या जहाजांनी आणली. ज्या मिरसांगेवाचून आज हुमण शिजत नाही, तीही मुळात परदेशी पाहुणी. आपले कोणते आणि परके कोणते, या वादात हिरिरीने बोलणाऱ्याला ती प्रचंड मिरची मुकाट्याने प्रश्न विचारते. वस्तूची जागा नव्हे, तर तिचे आकारमान येथे अस्थानी नेले आहे. काम मात्र तेच झाले.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मायामी येथे इटालियन कलावंत मॉरित्सिओ कॅटेलान याने एक केळे चंदेरी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटविले. कृतीचे नाव ‘विनोदवीर’ अशा अर्थाचे, किंमत १,२०,००० डॉलर. गिऱ्हाइकाला मिळते ते प्रमाणपत्र आणि केळे कसे चिकटवावे याच्या सूचना. केळे सडले की दुसरे लावावयाचे. एका कलावंताने ते प्रदर्शनातच सोलून खाल्ले, आणि त्याच्या जागी दुसरे लावण्यात आले. २०२४ च्या नोव्हेंबरात याच कृतीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६२ लाख डॉलरना, म्हणजे ५० कोटी रुपयांहून अधिक रकमेला गेली. घेणाऱ्या उद्योजकानेही काही दिवसांनी हाँगकाँगला बातमीदारांसमोर ते केळे खाऊन टाकले.

या विनोदात तथ्य नाही असे नाही. द्युशाँच्या भांड्याने संस्थेचा नियम उघडा पाडला, तसा या केळ्याने कलेचा बाजार उघडा पाडला. मयड्याच्या केळ्यांचा घड डोक्यावरून बाजारात नेणाऱ्या बाईलाही ठाऊक असते, की फळाची किंमत त्याच्या गोडीवर ठरावी. कागदावरील सहीला कोट्यवधी आणि फळाला कवडी, हा बाजाराचा वेडेपणा त्या भिंतीवर सर्वांना दिसला. परंतु या कथेचा एक धागा राहतो. लिलावाच्या दिवशीचे केळे न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील फळांच्या गाड्यावरून ३५ सेंटला घेतले होते. त्या गरीब विक्रेत्याला पुढे कोणी त्या केळ्याची लिलावातील किंमत सांगितली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे वृत्तपत्रांनी छापले.

त्या अश्रूंपाशी नवकलेच्या विनोदाची खरी परीक्षा आहे. बाजाराची थट्टा करावयास निघालेली कृती बाजारानेच विकत घेतली, खाऊन टाकली आणि तिच्या हसण्याचाही पैसा केला. धनिक हसला, लिलाववाले हसले. ज्याच्या गाड्यावरून वस्तू आली, तो एकटा रडला. ज्या विनोदात बलवान सुखरूप राहतो आणि दुर्बळालाच किंमत मोजावी लागते, तो कितीही चतुर असला तरी अपुरा आहे. कलावंताचा तसा हेतू होता, असे मानण्याचे कारण नाही. परंतु थट्टा एकदा सुटली की ती कोठे जाऊन पडते, याचीही जबाबदारी थट्टा करणाऱ्याकडे काही अंशी राहते.

भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. जेव्हा माणूस स्वतः हसतो तेव्हा ते आत्मस्थ. दुसऱ्याला हसवितो तेव्हा परस्थ. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित अशा त्याच्या सहा पायऱ्याही सांगितल्या आहेत, आणि उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना त्या दोन-दोन वाटून दिल्या आहेत. हे वर्गीकरण आजच्या प्रदर्शनाला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण हसण्याहसण्यांत प्रत असते, आणि ती प्रत ओळखणे हे रसिकाचे काम आहे, हा त्यातला बोध मात्र कायमचा आहे.

तेव्हा एखाद्या विचित्र कृतीपुढे उभे राहिलेल्या माणसाने बावरून जाण्याचे कारण नाही. त्याने प्रथम पाहावे, की येथे कोणती वस्तू, कोणता शब्द किंवा कोणता विधी आपल्या नेहमीच्या जागेवरून हलविला आहे. मग विचारावे, की ती हलविल्यामुळे पूर्वी न दिसलेले काय दिसू लागले: एखाद्या संस्थेचा दंभ, घरातला देखावा, की इतिहासातला विसर? आणि शेवटी पाहावे, की हे हसे कोणाच्या अंगावर पडते. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही, तर ती केवळ चूष होय. तिला नमस्कार करून पुढे जावे. तिन्हींची उत्तरे मिळाली, तर चिठ्ठीवरचे कठीण शब्द न कळले तरी चालेल. त्याने खुशाल हसावे. हसणे म्हणजे अज्ञान नव्हे, आणि गंभीर चेहरा म्हणजे समज नव्हे.

शाळांतून मुलांना चित्रे दाखविताना हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. मुलाला विसंगती चटकन दिसते. टोपलीत पाय घालून ‘होडी’ म्हणणारे मूल कलावंतांच्या बरेच जवळ असते. भिंतीवरचे केळे पाहून ते हसले, तर त्याला गप्प करू नये. का हसलास, असे विचारावे. त्या एका प्रश्नातून टीकाबुद्धीचा आरंभ होतो. आणि ज्याला ‘का हसलो’ हे सांगता येते, त्याला पुढे मोठ्या माणसांच्या रुबाबदार शब्दांनी सहसा फसविता येत नाही.

गोमंतकाच्या मातीत या शिक्षणाची तयारी पूर्वीपासूनच आहे. दिवाळीच्या पहाटे जाळावयाचा नरकासुर पोरे रात्र-रात्र जागून बांधतात. वर्षअखेरीस ‘ओल्ड मॅन’ म्हणून जुन्या कपड्यांत गवत भरून म्हातारा करतात आणि मध्यरात्री त्याला आग लावतात. अक्राळविक्राळ, हास्यास्पद आणि एका रात्रीपुरत्या असलेल्या या मूर्तींना कोणी मांडणशिल्प म्हणत नाही, त्यांचा लिलाव होत नाही, आणि त्यांच्यासाठी कोणाला रडावे लागत नाही. पेडण्याच्या रंगभूमीवरचा संकासुरही तसाच. विष्णूच्या हातून तो दर जत्रेत मरतो, आणि पुढच्या गावी पुन्हा जीभ लोंबवीत उभा राहतो. त्याच्यापुढे मोकळेपणाने हसणाऱ्या माणसाला पणजीच्या दालनात शिरताना मान खाली घालण्याचे काहीएक कारण नाही.